बिघडलेली मराठी मेल: आधी कचरा नीट पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचकपत्रांच्या रकान्याखाली एक ओळ नेहमी दिसते: ‘मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा.’ गृहनिर्माण संस्थांचे सचिव, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यकर्ते, दिवाळी अंक काढणारे, सगळ्यांच्याच सूचनांत ती असते. ओळ चुकीची नाही, अपुरी आहे. युनिकोडमध्ये नीट टाइप केलेली मेलही समोरच्याकडे प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोचू शकते. मग उत्तर जाते, ‘वाचता येत नाही, पुन्हा पाठवा.’ पुन्हा पाठवणारा तोच, संगणक तोच, सेटिंग तेच. त्यामुळे कचराही तोच येतो.

त्याऐवजी आलेला कचरा जरा निरखून पाहावा. बिघाड कुठे झाला हे बहुतेक वेळा त्याच्या तोंडावळ्यावरूनच कळते, आणि मजकूर वाचवता येईल की नाही हेही.

थोडे मुळातून सांगतो. युनिकोड प्रत्येक चिन्हाला फक्त क्रमांक देते. ‘म’चा क्रमांक २३५०, दीर्घ वेलांटीचा २३६८. काना, मात्रा, पाय मोडायची खूण ही सगळी त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हे. तो क्रमांक बाइटांमध्ये कसा लिहायचा हे यूटीएफ-८ ठरवते, आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मेलच्या जुन्या वाटा साध्या रोमन अक्षरांपुरत्या आखलेल्या. म्हणून ते बाइट पुन्हा रोमन अक्षरांत बांधून पाठवायची सोय माइम या प्रमाणाने १९९२ साली करून दिली. शेवटी पुडक्यावर चिठ्ठी लागते: आत कोणते एन्कोडिंग, म्हणजे बाइट लिहायची कोणती पद्धत, आहे आणि बांधणी कोणत्या पद्धतीची आहे. क्रमांक, बाइट, बांधणी, चिठ्ठी असे हे चार टप्पे. ‘युनिकोडमध्ये पाठवा’ ही सूचना पहिल्यापाशीच थांबते. मेल बिघडते ती बहुधा पुढच्या तिन्हींत.

ही चिठ्ठी कोणालाही पाहता येते. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’, थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-यू. ‘कन्टेन्ट-टाइप’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत ‘कॅरसेट’पुढे यूटीएफ-८ दिसायला हवे. ‘कन्टेन्ट-ट्रान्स्फर-एन्कोडिंग’ ही ओळ बांधणी सांगते. एकाच मेलमध्ये अशा दोन-तीन जोड्या असू शकतात, कारण बरेच प्रोग्रॅम तोच मजकूर एकदा साधा आणि एकदा एचटीएमएल असा दोनदा पाठवतात. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येते.

आता पहिला प्रकार. मजकुरात सारखे सारखे रोमन ‘ए’ दिसते, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ. त्यापुढे कधी चार टोके फुटलेले वर्तुळ, कधी जपानी येनची खूण. हा यूटीएफ-८चाच मजकूर आहे, पण उघडणाऱ्याने तो पश्चिम युरोपीय तक्त्याने, म्हणजे एका बाइटला एक अक्षर लावणाऱ्या जुन्या यादीने, वाचला. देवनागरीच्या तीन बाइटांतले पहिले दोन फक्त दोन प्रकारचे असतात, म्हणून तीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते: ऱ्हस्व वेलांटीपर्यंतच्या चिन्हांना वर्तुळ, दीर्घ वेलांटीपासून पुढच्यांना येन. ‘मी’ हा एवढासा शब्द घ्या. त्याची होतात सहा चिन्हे: रेघवाला ए, वर्तुळ, गोलातला आर, पुन्हा रेघवाला ए, येन आणि युरो. चिठ्ठी लागलेली नाही किंवा चुकीची लागली आहे, एवढाच याचा अर्थ. मजकूर धडधाकट आहे.

तो बिघडतो पुढच्या पायरीला. कोणीतरी काळजीने अशी मेल ‘हे बघा काय आलंय’ म्हणून फॉरवर्ड करतो. त्याचा प्रोग्रॅम त्या सहा चिन्हांनाच खरा मजकूर समजून पुन्हा यूटीएफ-८मध्ये लिहितो, आणि तेही पुढे चुकीच्या तक्त्याने वाचले गेले, की दोनाची सहा झालेली चिन्हे तेरा होतात. डोक्यावर टोपी किंवा लाट असलेल्या ए-ची गर्दी दिसली, तर मेल दोनदा बिघडून आली आहे असे समजावे आणि मधल्या माणसाकडून नव्हे, मूळ पाठवणाऱ्याकडून मागवावी.

उपाय साधा आहे. थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जमत नसेल, तर मूळ मेल डाउनलोड करून थंडरबर्डमध्ये उघडावी. करू नये ते एकच: पडद्यावरचा कचरा कॉपी करून एखाद्या दुरुस्तीच्या साइटवर चिकटवणे. त्या पश्चिमी तक्त्यात पाच घरे रिकामी आहेत आणि आपले दुर्दैव असे, की पाय मोडायच्या खुणेचा तिसरा बाइट नेमका त्यातल्या एका घरात पडतो. देवनागरी ‘ए’ आणि ‘झ’चेही तसेच. कॉपी करताना हे बाइट बरेचदा गळतात. मग दुरुस्त झालेल्या मजकुरात सगळी जोडाक्षरे सुटी होऊन येतात आणि दोष बिचाऱ्या साइटला जातो.

दुसरा प्रकार: बरोबरच्या चिन्हांची माळ. बरोबरचे चिन्ह, मग दोन अक्षरे-अंक, पुन्हा बरोबरचे चिन्ह. ही ‘कोटेड-प्रिंटेबल’ नावाची बांधणी न सोडता समोर आली. यात एकेका बाइटला तीन अक्षरे लागतात, म्हणजे आपल्या एका चिन्हाला नऊ. इंग्रजीला ही बांधणी स्वस्त पडते, मराठीला फार महाग. ओळ ७६ अक्षरांच्या वर जाऊ द्यायची नसते, म्हणून ती मोडून शेवटी एक सुटे बरोबरचे चिन्ह टाकतात. इंग्रजी मेलमध्ये ओळींच्या टोकाला अशी चिन्हे किंवा मध्येच ‘=२०’ दिसते, ती हीच सुटलेली शेपटे; वीस म्हणजे जागा सोडलेली.

तिसरा प्रकार म्हणजे रोमन अक्षरे आणि आकडे यांची सलग वीट, कुठे जागा नाही की विराम नाही. ही बेस-६४ बांधणी. इथे तीन बाइटांची चार अक्षरे होतात, त्यामुळे आपले एक चिन्ह बरोबर चार अक्षरांत बसते. ओळखायची खूण अगदी सोपी आहे: मजकूर देवनागरीने सुरू होत असेल, तर वीट चार-के-एस किंवा चार-के-डब्ल्यू अशीच सुरू होते. ती दिसली की निश्चिंत व्हावे, आत मराठी शाबूत आहे. बेस-६४ उलगडणाऱ्या कोणत्याही साधनात सबंध वीट पहिल्या अक्षरापासून टाकावी. मधूनच उचलली तर चाराचे गट सरकतात आणि हाती काही लागत नाही.

या दोन्ही प्रकारांत गुन्हेगार बहुधा मधला असतो. कंपनीचा किंवा गटमेलचा सर्व्हर प्रत्येक मेलच्या तळाशी गोपनीयतेचा इशारा नाहीतर ‘सदस्यत्व रद्द करण्यासाठी’ अशी ओळ जोडतो. बांधलेल्या विटेखाली ती साध्या अक्षरांत चिकटवली, की काही प्रोग्रॅम शेपूट गिळून टाकतात, काही तेही उलगडायला जातात आणि शेवटच्या ओळीत खिचडी दाखवतात. कधी सर्व्हर चिठ्ठीच नव्याने लिहितो आणि बांधणीचा उल्लेख विसरतो. शिवाय मजकुराला हात लागला की पाठवणाऱ्या डोमेनची डीकेआयएम सही, म्हणजे मजकूर वाटेत बदलला नाही याची खूण, जुळत नाही आणि मेल स्पॅममध्ये पडायची भीती वाढते. गटमेल चालवणाऱ्याने तळटीप बंद करावी. तिच्यावाचून कोणाचे अडत नाही.

विषयाच्या ओळीचे दुखणे वेगळे आहे, आणि मराठीत ते जास्त छळते. विषयात देवनागरी थेट जात नाही. ती तुकड्यातुकड्यांनी बांधतात आणि एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. त्यातली बारा अक्षरे नुसत्या वेष्टनात जातात. बेस-६४मध्ये उरलेल्या जागेत ४५ बाइट बसतात, म्हणजे आपली पंधरा चिन्हे. अक्षर दोन तुकड्यांत तोडू नये असा १९९६च्या प्रमाणातला स्पष्ट नियम आहे. आळशी प्रोग्रॅम मात्र सरसकट ४५व्या बाइटला सुरी चालवतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ हा आपला नेहमीचा विषय मोजून पाहा. ‘वार्षिक’चे एकवीस बाइट, जागेचा एक, आणि पुढे तेवीस मोजले की सुरी पडते ती ‘सर्वसाधारण’मधल्या ‘धा’च्या कान्यावर, दोन बाइट अलीकडे, एक पलीकडे. समोरच्याला ‘सर्वसाध’ दिसते, मग काळ्या शंकरपाळीतली पांढरी प्रश्नचिन्हे, मग ‘रण सभा’. संगणकात व्हायरस शिरला असे समजून मेल न उघडणारेही सदस्य असतात.

यावर पाठवणाऱ्याच्या हातात एवढेच आहे, की विषय दोन शब्दांत आटोपावा किंवा प्रोग्रॅम बदलावा. विषय किंवा पाठवणाऱ्याचे नाव न उलगडता, प्रश्नचिन्हांच्या वेष्टनासकट दिसत असेल, तर नाव अवतरणचिन्हांत घातले आहे का ते सेटिंगमध्ये पाहावे. अवतरणातला बांधलेला तुकडा उलगडायचा नसतो, असे प्रमाणच सांगते.

शंकरपाळी मजकुराच्या मध्ये, लांब लांब अंतरावर एकेक दिसत असेल, तर कारण ओळीच्या लांबीत शोधावे. मेलमधली एक ओळ ९९८ बाइटांच्या वर जाऊ नये असा नियम आहे. इंग्रजीत ती मुभा भरपूर. देवनागरीत ३३२ चिन्हे, म्हणजे पन्नासेक शब्दांचा एक परिच्छेद, संपला. मजकूर न बांधता, आठ बिटांत तसाच सोडला आणि परिच्छेद लांब असला, की वाटेतला एखादा सर्व्हर ओळ मोडतो, आणि ती अक्षराच्या पोटात मोडते. बांधणी बेस-६४ केली की हा त्रास मुळातच मिटतो. सेटिंगच सापडत नसेल, तर परिच्छेद छोटे करून मध्ये एंटर मारावे.

आता नुसती साधी प्रश्नचिन्हे. ‘मराठी’च्या जागी पाच, बरोबर पाच. म, र, काना, ठ, वेलांटी. इथे मात्र आशा सोडावी. पाठवणाऱ्याकडे किंवा वाटेत कोणीतरी मजकूर पश्चिमी तक्त्यात कोंबला. ज्या चिन्हाला तिथे जागा नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले आणि मूळ फेकून दिले. कोणतेही साधन ते परत आणणार नाही. एकच फट उरते: वर म्हटले तसा तोच मजकूर एचटीएमएल भागात शिल्लक असू शकतो. ‘शो ओरिजिनल’मध्ये खाली सरकत दुसरा भाग पाहावा. तिथे ‘अँड’चे चिन्ह, हॅश, २३५०, अर्धविराम असे आकड्यांचे गट दिसले, तर मराठी जिवंत आहे, तो भाग एचटीएमएल फाइल म्हणून साठवून ब्राउझरमध्ये उघडला की झाले. आणि पाठवणाऱ्याला ‘पुन्हा पाठवा’ म्हणण्याऐवजी नेमके सांगावे: आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, इंटरनॅशनल ऑप्शन्स, आणि जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८. नोटपॅडची जुनी फाइल जोडली असेल तर तीही तपासावी. २०१९च्या विंडोज १०-आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ साठवतो. त्याआधीचा ‘आन्सी’ या जुन्या तक्त्यात साठवायचा आणि मराठी असल्याचा इशारा देऊन, कोणी न वाचता ‘ओके’ दाबले, की सगळ्याची प्रश्नचिन्हे करायचा.

वाचता येईल अशी रोमन अक्षरे, पण अर्थ शून्य, हे जुन्या फॉन्टचे काम. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ म्हणजे ई, जे, के, मोठा बी, एच. मजकूर खरोखर तेवढाच आहे. देवनागरी होती ती फक्त फॉन्टच्या चित्रांत. श्रीलिपी, शिवाजी, आयएसएमचे फॉन्ट यांची जात तीच, अक्षरांची वाटणी मात्र प्रत्येकाची निराळी. एचटीएमएल मेलमध्ये फॉन्टचे नाव सोबत जाते, म्हणून ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे त्याला सगळे सुरळीत दिसते आणि ‘माझ्याकडे तर दिसतंय’ हा वाद सुरू होतो. गटमेलने एचटीएमएल काढून टाकले की नावही गेले. इलाज परिवर्तकाचा, पण फॉन्ट कोणता ते आधी विचारून घ्यावे. परिवर्तन झाल्यावर दोन गोष्टी डोळ्यांनी तपासाव्यात: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमके उलटे. कच्चा परिवर्तक इथेच घसरतो. रकमेआधी सुटे उलटे स्वल्पचिन्ह आले, तर तो २०१०च्या सुमाराचा रुपयाच्या चिन्हाचा फॉन्ट. त्यात ते चिन्ह त्या कळीवर बसवले होते.

पीडीएफमधून उचललेल्या मजकुराचा रोग याच्याशी मिळताजुळता दिसतो, पण वेगळा आहे. ‘िवषय’, ‘िदनांक’ अशी वेलांटी पुढे पळालेली असते. पीडीएफ बहुधा अक्षरे ज्या क्रमाने काढली तो क्रम जपते, आणि वेलांटी डावीकडे काढली जाते. मेल, सर्व्हर, एन्कोडिंग सगळे निर्दोष. मूळ वर्ड फाइल मागावी, नाहीतर मुकाट्याने हाताने दुरुस्त करावे.

खास मराठी म्हणावी अशी एक चूक राहिली, आणि ती सर्वांत लबाड आहे, कारण कचरा दिसतच नाही. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. पहिल्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकीत साधा र, पाय मोडायची खूण आणि मग ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे अदृश्य चिन्ह. दुसरीत नुक्ता असलेला ऱ आणि पाय मोडायची खूण. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा असे समजून ती पुसून टाकणारे सर्व्हर आणि मजकूर ‘स्वच्छ’ करणारी साधने असतात. जॉइनर पुसला की उरतो रफार, आणि लग्नाच्या आचाऱ्यांना द्यायची रक्कम आचार्यांच्या नावे लागते. शुद्धलेखन तपासनीसही अडवत नाही. दोन्ही शब्द बरोबरच आहेत. म्हणून ऱ-चीच पद्धत वापरावी. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे, मग पाय मोडायला डी. तशी सवय लावली की मेलच काय, कुठल्याही फॉर्ममधून अक्षर सहीसलामत जाते.

किरकोळ गोष्टी पटकन. ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची न उघडणारी फाइल आली, की पाठवणाऱ्याच्या आउटलुकमध्ये ‘रिच टेक्स्ट’ चालू आहे. ऑप्शन्स, मेल, मेसेज फॉरमॅटमध्ये एचटीएमएल करायला सांगावे. जोडलेल्या फाइलचे नाव रोमन अक्षरांत ठेवावे, देवनागरी नावाची बांधणी दोन-तीन पद्धतींनी होते आणि त्या एकमेकींशी पटवून घेत नाहीत. वर्डमधून चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही. नाहीतर वर्डची सगळी झूल सोबत येते, मेल फुगते आणि जीमेल १०२ केबीनंतर ती कापून ‘मेसेज क्लिप्ड’ म्हणते. उत्तरे-प्रत्युत्तरे होता होता ओळी फणीच्या दातांसारख्या एक लांब, एक तोकडी होतात. ७८ अक्षरांवर मोडलेल्या ओळीपुढे अवतरणाचे बाणचिन्ह लागले, की ती पुन्हा मोडते. मराठीत काने-मात्राही त्या मोजणीत धरल्या जातात, म्हणून ओळी आधीच तोकड्या दिसतात. जुना मजकूर सगळा न ओढता लागेल तेवढ्याच दोन ओळी ठेवाव्यात.

तेव्हा विनंती अशी, की ‘मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा’ याऐवजी आपण असे छापावे: ‘मजकूर मेलमध्येच लिहावा किंवा साधा चिकटवावा, पीडीएफमधून उचलू नये, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवावे, विषय दोन शब्दांत द्यावा, पाठवण्याआधी पुढील ओळ दुसऱ्या कंपनीच्या मेल खात्यावर स्वतःला पाठवून पाहावी.’ आणि त्याखाली ही ओळ:

वर्षाअखेरीस आचाऱ्यांना ॲल्युमिनियमच्या किटल्यांसाठी ₹ ५०० दिले, “पावती” मिळाली.

यात रफार आहे, अर्धा र आहे, २००८ साली युनिकोडमध्ये आलेला ॲ आहे, २०१०चे रुपयाचे चिन्ह आहे, ऱ्हस्व वेलांटी आणि वळणदार अवतरणचिन्हे आहेत. ॲ किंवा रुपयाच्या जागी नुसता चौकोन आला, तर फॉन्ट जुना आहे, मेल ठीक आहे. बाकी काहीही हलले, तर वरच्यापैकी कोणता प्रकार ते पाहून सेटिंग बदलावे आणि मगच पत्र पाठवावे.

आपला,
एक वाचक, ठाणे